एफपीजीएवर चाळणी बसवावी की ईसीएम? १३० ते १५५ अंकी संख्यांचे अवयव पाडण्यासाठी हार्डवेअर

बाकीशून्य

नमस्कार मंडळी. १३० ते १५५ अंकी संख्यांचे अवयव एनएफएसने (नंबर फील्ड सिव्ह, मोठ्या संख्या फोडायची पद्धत) पाडायचे आहेत आणि त्यासाठी एफपीजीए (आत हवं ते सर्किट घडवता येणारी चिप) असलेलं कार्ड जोडायचा विचार आहे. चिप व्हीयू९पी: ६,८४० डीएसपी (गुणाकाराची तयार युनिटं), आणि चिपवरची मेमरी म्हणून ३६ किलोबिटचे २,१६० बीरॅम, २८८ किलोबिटचे ९६० यूरॅम. कार्डावर ६४ जीबी डीडीआर४, बँडविड्थ सेकंदाला ७७ जीबी. बाकीचं काम कॅडो-एनएफएस हे सॉफ्टवेअर नेहमीच्या प्रोसेसरवर करेल.

मापं अशी धरली आहेत: फॅक्टर बेस (चाळणीत वापरायच्या मूळसंख्या) २^२५ पर्यंत, लार्ज प्राइम (त्यापलीकडचे, पण चालवून घ्यायचे अवयव) २^३१ पर्यंत, दर स्पेशल-क्यूमागे (चाळणीचा एकेक हप्ता ठरवणाऱ्या मूळसंख्येमागे) चाळायची जागा २^२५ (रुंदी २^१३, उंची २^१२). सर्वांत जास्त वेळ चाळणीतच (कोणत्या जागांवरच्या संख्या छोट्या मूळसंख्यांत फुटतात ते शोधण्यात) जातो, म्हणून चाळणीच कार्डावर न्यावी असं वाटतं. पण चाळणीसाठीच आखलेल्या यंत्रांपैकी ट्विंकल १९९९ मध्ये आलं, ट्विरल २००३ मध्ये आलं, आणि तरी मोठे विक्रम साध्या प्रोसेसरवरच झाले. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. नेमकं कुठे? आणि या कार्डावर कोणता टप्पा नेला तर कष्टाचं चीज होईल? चाळणीतून मिळालेली रिलेशन (पूर्ण फुटलेल्या उपयोगी जागा) जमवून शेवटी जी मॅट्रिक्स सोडवावी लागते, तिचं काय करावं?

घड्याळठोका

आधी आकडेमोड करू, म्हणजे अडचण कुठे आहे ते दिसेल.

पी ही मूळसंख्या चाळणीच्या जागेत साधारण (जागा ÷ पी) इतके टोले देते. २^१६ ते २^२५ मधल्या सगळ्या मूळसंख्यांच्या १/पी ची बेरीज म्हणजे २५/१६ चा नैसर्गिक लॉग, ०.४४६. त्याला २^२५ ने गुणा: एका बाजूला दीड कोटी टोले. एनएफएसमध्ये परिमेय आणि बीजीय अशा दोन बाजू चाळायच्या असतात, त्या मिळून तीन कोटी. प्रत्येक टोला म्हणजे एका बाइटमधून लॉग पी वजा करणं, बस. गुणाकार नाही, भागाकार नाही. म्हणून तुमचे ६,८४० डीएसपी या कामात रिकामेच बसणार.

आता जागा. २^२५ बाइट म्हणजे ३.३६ कोटी. यूरॅमचा शब्द ७२ बिटांचा, खोली ४,०९६. शब्दात ८ बाइट धरले तर ९६० यूरॅममध्ये ३.१५ कोटी बाइट मावतात, म्हणजे थोडक्यात हुकतं. ९ बाइट धरले तर मावतं, पण मग प्रत्येक पत्त्याला ९ ने भागत बसावं लागतं. त्यापेक्षा आय आणि जे (जागेचे आडवा आणि उभा निर्देशक) दोन्ही सम असलेल्या जागा वगळा. त्यांचा मसावि किमान २ असल्यामुळे तिथून उपयोगी रिलेशन कधीच येत नाही. उरतात तीन चतुर्थांश, २.५२ कोटी बाइट, आणि ते ८ बाइटांच्या शब्दात आरामात बसतात.

म्हणजे चाळणी चिपवर मावते. अडतं ते पुढे, दोन ठिकाणी.

पहिलं, टोला कुठे पडणार हे काढणं. प्रत्येक नव्या स्पेशल-क्यूला फॅक्टर बेसमधल्या सगळ्या मूळसंख्यांची मुळं नव्या लॅटिसमध्ये (बिंदूंच्या जाळीत) बदलावी लागतात. २^२५ पर्यंत २०.६ लाख मूळसंख्या आहेत. प्रत्येकीला एक मॉड्युलर व्यस्त, आणि वर फ्रँके-क्लाइनयुंग पद्धतीची अर्धवट युक्लिड (मसावि काढायची रीत, मध्येच थांबवलेली). २५ बिटांच्या संख्येला पूर्ण युक्लिड सरासरी १५ पायऱ्या घेते, वाईटात वाईट ३५ च्या आसपास. हा फरक पाइपलाइनला महागात पडतो. ३५ पायऱ्या उलगडून ठेवल्या तर निम्म्याहून जास्त लॉजिक बहुतेक वेळ नुसतं पुढे ढकलायचं काम करतं. म्हणून संख्या गोल फिरवणारी छोटी रिंग ठेवतात आणि काम झालेली बाहेर काढतात. भागफल सुमारे ४१ टक्के वेळा १ च असतो, तेव्हा भागाकाराचं सर्किट नको, वजाबाकी आणि शिफ्ट पुरे. इथे हरावं लागत नाही, पण मेहनत भरपूर आहे.

दुसरं, आणि खरं दुखणं: टोला योग्य बँकेपर्यंत पोचवणं. समजा दर घड्याळठोक्याला ६४ टोले तयार होतात आणि मेमरीच्या ५१२ बँकांपैकी (वेगळ्या खणांपैकी) कुठल्याही बँकेत जायचे आहेत. वाटपाचं हे जाळं चिपच्या तीन एसएलआरना (सिलिकॉनच्या वेगळ्या तुकड्यांना) ओलांडून जातं, आणि तुकड्यांमधल्या तारा मोजक्या. टोले सारखे वाटले जात नाहीत, म्हणून प्रत्येक बँकेपुढे फिफो (टोल्यांची रांग) लागतो. एक फिफो भरला की मागचं सगळं थांबतं. कागदावर एका बाजूचे दीड कोटी टोले २५० मेगाहर्ट्झला एका मिलिसेकंदात संपतात, पण तो हिशोब कधीच न थांबणाऱ्या जाळ्याचा आहे.

बँकेजवळची एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती हमखास चुकते. यूरॅम वाचायला दोन ठोके, वजाबाकीला एक, लिहायला एक. या चार ठोक्यांत त्याच शब्दावर दुसरा टोला आला तर तो जुनीच किंमत वाचतो आणि पहिल्याची वजाबाकी पुसून टाकतो. चाळणी अंदाजानेच चालते, एखादा टोला गेला तर बिघडत नाही, असं वाटू शकतं. पण नेमक्या चांगल्या जागांवरच टोले जास्त पडतात, त्यामुळे नुकसान रिलेशनच्या संख्येत दिसतं, आणि सिम्युलेशनमध्ये छोट्या जागेवर ते लक्षात येत नाही. उपाय सोपा: मागच्या तीन पत्त्यांशी तुलना करणारे कंपॅरेटर आणि पुढची किंमत थेट वळवणारा रस्ता. तुलना पूर्ण शब्दाच्या पत्त्याची करा, बाइटच्या नाही. नाहीतर शेजारचा बाइट पुसला जाईल.

बाइटची सुरुवातीची किंमत (नॉर्मचा लॉग वजा उंबरठा) अशी ठेवा, आणि लॉगचं माप असं निवडा की ती १२७ च्या आत राहील. मग शून्याखाली गेलं की वरचा बिट आपोआप १ होतो. शेवटी तुलना करायची गरज नाही, तो एक बिट वाचला की झालं. टोले मोजके असल्याने खाली जाऊन पुन्हा गोल फिरण्याचा धोका कमी, तरीही सॅच्युरेशन घाला, लॉजिक नगण्य लागतं.

लॉगटेबल

ट्विंकल आणि ट्विरल का झाले नाहीत, त्याबद्दल.

नेहमीच्या चाळणीत जागा मेमरीत असतात आणि मूळसंख्या एकामागून एक येतात. शमीर यांनी ट्विंकलमध्ये हे उलटं केलं: प्रत्येक मूळसंख्येला एक एलईडी, आणि काळ म्हणजेच चाळणीची जागा. दर पी ठोक्यांनी तो एलईडी लॉग पी च्या प्रमाणात उजळतो, समोरचा प्रकाशसंवेदक एकूण उजेड मोजतो, आणि उजेड उंबरठ्यापलीकडे गेला की ती जागा टिपून ठेवायची. कल्पना फार देखणी आहे, आणि तिची पाळंमुळं लेमर यांच्या सायकलच्या साखळ्यांच्या चाळणीपर्यंत जातात. पण त्यासाठी गॅलियम आर्सेनाइडच्या अख्ख्या वेफरवर १० गिगाहर्ट्झने चमकणारे एलईडी हवे होते. शिवाय दर ठोक्याला एकच जागा तपासली जाते.

ट्विरलने (शमीर आणि ट्रोमर) प्रकाश सोडला आणि साधं सिलिकॉन घेतलं. १०२४ बिटांसाठी परिमेय चाळणी दर ठोक्याला ४,०९६ जागा आणि बीजीय चाळणी ३२,७६८ जागा तपासते. दोहोंत आठ पट फरक, म्हणून एका बीजीय यंत्रामागे आठ परिमेय. मोठ्या मूळसंख्यांच्या नोंदी डीरॅममध्ये ठेवून, टोला नेमक्या वेळी नेमक्या तारेवर सोडायचा, हा त्याचा गाभा. वर घड्याळठोका यांनी जे वाटपाचं दुखणं सांगितलं, त्यावरच हे सगळं यंत्र उभं आहे. परिमेय बाजूला मूळसंख्या ३.५ अब्जांपर्यंत आणि बीजीय बाजूला २६ अब्जांपर्यंत, म्हणून बीजीय यंत्र अख्ख्या ३० सेंमी वेफरएवढं होतं. अंदाज होता १३० नॅनोमीटर तंत्राने, सुमारे १ कोटी डॉलरच्या यंत्रांनी, वर्षभराच्या आत चाळणी. मास्क आणि आराखड्याचा एकदाच येणारा खर्च त्याहून वेगळा.

वेफरएवढ्या चिपमध्ये दोष राहणारच, ते चुकवून चालणारी रचना करावी लागते. २००५ च्या शार्कने म्हणून साध्या आकाराच्या चिप घेतल्या, लॅटिस सिव्हिंग वापरलं, आणि कोफॅक्टर (छोट्या मूळसंख्या काढल्यावर उरलेली संख्या) फोडायला ईसीएमची (लंबवर्तुळी वक्रांनी अवयव शोधायच्या पद्धतीची) वेगळी हार्डवेअर युनिटं ठेवली. अंदाज २० कोटी डॉलरच्या खाली गेला, पण तो ट्विरलपेक्षा कितीतरी जास्त. एवढा पैसा घालून मिळणार काय, तर एकाच कामाचं, एकाच आकाराच्या संख्येचं यंत्र. त्याच काळात प्रोसेसर आपोआप सुधारत गेले. आव्हान म्हणून जाहीर झालेल्या संख्यांपैकी आरएसए-७६८ डिसेंबर २००९ मध्ये, आरएसए-२४० डिसेंबर २०१९ मध्ये आणि ८२९ बिटांची आरएसए-२५० फेब्रुवारी २०२० मध्ये फुटली, सगळ्या साध्या प्रोसेसरवर. आरएसए-२५० ला सुमारे २,७०० कोर-वर्षं लागली.

शार्कमधला ईसीएमचा तुकडा मात्र तुमच्या कामाचा आहे. तिथेच लक्ष द्या.

विषमघात

सहमत. चाळणी प्रोसेसरकडेच राहू द्या, कार्डाला कोफॅक्टर द्या. आत येणारा डेटा दर कोफॅक्टरला १६ बाइट, हिशोब हजारो गुणाकारांचा, आणि एका कोफॅक्टरचा दुसऱ्याशी काहीही संबंध नाही. एफपीजीएला याहून सोयीचं काम शोधून सापडणार नाही. सेकंदाला दहा लाख कोफॅक्टर पाठवले तरी पीसीआयईवर १६ एमबी.

आधी प्रोसेसरवरच गाळणी लावा. तुमच्या मापांनी, छोट्या मूळसंख्या भागून काढल्यावर उरलेला कोफॅक्टर २^३१ च्या आत असेल तर तो सरळ स्वीकारा. २^३१ ते २^५० मध्ये असेल तर फेका: त्याचा प्रत्येक अवयव २^२५ हून मोठा, म्हणजे दोन अवयव असते तर गुणाकार २^५० च्या वर गेला असता. तो मूळसंख्याच आहे आणि मर्यादेबाहेरची आहे. २^५० ते २^६२ मध्ये दोन लार्ज प्राइमची शक्यता. २^६२ ते २^७५ पुन्हा मृत पट्टा: दोन अवयव असतील तर एक मर्यादेबाहेर, तीन असतील तर गुणाकार २^७५ च्या वर जायला हवा. २^७५ ते २^९३ मध्ये तीन लार्ज प्राइम. जे उरतील त्यांना एक फर्मा चाचणी (संख्या मूळ आहे का ते चटकन पाहणारी), आणि मूळसंख्या ठरतील ते बाद. हे न करता कार्डाला सगळंच दिलं तर निम्मं कार्ड मूळसंख्या फोडण्याच्या प्रयत्नात अडकेल.

आता युनिट. डीएसपीचा गुणक २७×१८, चिन्हासह. म्हणून बिनचिन्हाचे १७ बिटांचे तुकडे पाडा. डीएसपीच्या आतल्या साखळीत १७ बिटांचा उजवा शिफ्ट तयार मिळतो, हाती चालवायची गरज नाही. ९३ बिटांना सहा तुकडे, १०२ बिट. माँटगोमेरी गुणाकारात (भागाकार टाळून बाकी काढायच्या रीतीत) आर = २^१०२ घ्या, आणि फोडायच्या कोफॅक्टरला एन म्हणू. ४×एन हा आर पेक्षा लहान असेल, म्हणजे एन २^१०० च्या आत असेल, तर आकडे २×एन च्या आत फिरत राहतात आणि प्रत्येक गुणाकाराअखेरची तुलना-वजाबाकी पूर्ण गाळता येते. आपल्याकडे सात बिट शिल्लकच आहेत. एका मॉड्युलर गुणाकाराला ३६ + ३६ + ६ = ७८ छोटे गुणाकार, मांडणीचा खर्च धरून ८५ ठोके.

एकच संख्या चालवली तर हे ८५ कधीच मिळणार नाहीत. पुढच्या ओळीचा गुणक काढायला मागच्या ओळीचा सर्वांत खालचा तुकडा लागतो, आणि तो डीएसपीतून बाहेर यायला तीन-चार ठोके जातात. म्हणून एका डीएसपीवर चार वेगळे कोफॅक्टर आळीपाळीने चालवा. एकाचं उत्तर येईपर्यंत बाकी तिघांचं काम होतं.

मर्यादा मोठ्या ठेवायचा मोह आवरा. २००५ च्या सुमाराच्या हार्डवेअर आराखड्यांत ईसीएमच्या दोन टप्प्यांच्या मर्यादा बी१ = ९६०, बी२ = ५७,००० दिसतील, पण ते ४० बिटांच्या अवयवांसाठी. तुमचे अवयव ३१ बिटांचे. आधी पी-१ पद्धत (अवयव शोधायची आणखी एक रीत) बी१ = ३१५, बी२ = २,२०५ ने, मग ईसीएम बी१ = २००, बी२ = ५,००० च्या आसपास, आणि नाही फुटला तर नवा वक्र. बी१ = २०० ला पहिल्या टप्प्याचा गुणक सुमारे २९० बिटांचा. माँटगोमेरी शिडीला दर बिटामागे १० गुणाकार (बिंदूचे एक्स आणि झेड असे दोन निर्देशक असतात, त्यातला सुरुवातीचा झेड १ केला असेल तर), म्हणजे २,९००. दुसऱ्या टप्प्यासह एकूण ४,००० धरा. गुणिले ८५, तीन लाख चाळीस हजार ठोके. ३०० मेगाहर्ट्झला १.१३ मिलिसेकंद. एक डीएसपी सेकंदाला साधारण ८८० वक्र.

डीएसपी ६,८४० आहेत म्हणून तेवढी युनिटं मांडू नका, आधी बीरॅम संपतील. दुसऱ्या टप्प्यात पायरी २१० घेतली तर २४ बिंदूंचा तक्ता लागतो: २४ × २ निर्देशक × ६ तुकडे × ४ कोफॅक्टर = १,१५२ शब्द. ३६ किलोबिटचा बीरॅम १८ बिट रुंदीत २,०४८ शब्द देतो. १७ बिटांचा तुकडा त्यात नेमका बसतो, आणि उरलेल्या ८९६ शब्दांत एन, चालू बिंदू आणि साठवलेला गुणाकार मावतात. म्हणजे एका युनिटला एक बीरॅम, कमाल २,१६०. टायमिंग जमवायचं तर १,५०० वर थांबा. तरीही सेकंदाला १३ लाख वक्र होतात.

बाकीशून्य

हा हिशोब फार उपयोगी पडला. दोन शंका. ईसीएम शेवटी एनशी मसावि काढून अवयव देते, तो मसावि एनच आला तर काय करायचं? आणि कोफॅक्टर फोडण्याचा वेळ एकूण चाळणीच्या पाचवा हिस्साच असेल, तर तो शून्य झाला तरी वेग सव्वापटच वाढेल. मग एवढा खटाटोप का?

विषमघात

मसावि एन आला म्हणजे सगळे अवयव एकाच वेळी सापडले. छोट्या कोफॅक्टरला हे बऱ्याचदा होतं. पहिल्या टप्प्यानंतरचा झेड आणि दुसऱ्या टप्प्याचा गुणाकार असे दोन आकडे वेगळे बाहेर काढा. मसावि कार्डावर घेऊ नका, ती युक्लिड प्रोसेसर सहज करतो. दुसऱ्याचा मसावि एन असेल तर पहिल्याचा बघा. दोन्हीही एन असतील तर पुढचा वक्र, सिग्मा (वक्र ठरवणारा आकडा) बदलून. झेड एकदा शून्य झाला की पुढचे सगळे गुणाकार शून्यच येतात, म्हणून दोन्ही एकाच गुणाकारात मिसळले तर हाती आलेला अवयव जातो.

सव्वापटीचं गणित बरोबर आहे, पण ते मापं तशीच ठेवली तरचं. ईसीएम जवळपास फुकट झाली की मापंच बदला. एका बाजूला तीन लार्ज प्राइम घ्या, उंबरठा सैल करा, फॅक्टर बेस २^२५ वरून २^२४ वर आणा. मूळसंख्या २०.६ लाखांवरून १०.८ लाखांवर येतात, म्हणजे वर सांगितलेलं लॅटिस बदलण्याचं काम जवळजवळ निम्मं. चाळणी जास्त कचरा पुढे पाठवेल, तो निवडायला कार्ड आहेच. मात्र पट्टे पुन्हा मोजा: २^२४ ला मृत पट्टे २^३१ ते २^४८ आणि २^६२ ते २^७२ होतात. खरा फायदा या अदलाबदलीत आहे.

आणि तुलना करायची तर ती योग्य सॉफ्टवेअरशी करा. एव्हीएक्स-५१२ च्या ५२ बिटांच्या गुणाकार सूचना असलेला प्रोसेसर एका वेळी आठ कोफॅक्टर चालवतो, आणि ९३ बिटांना ५२ चे दोनच तुकडे लागतात. तशा प्रोसेसरसमोर तुमचं कार्ड किती पुढे आहे ते पाहून मगच व्हेरिलॉगला (सर्किट लिहायच्या भाषेला) हात घाला.

लॉगटेबल

मॅट्रिक्सचं राहिलं. १५५ अंकांना ती प्रोसेसरवरच सोडवा.

१९९९ मध्ये आरएसए-१५५ ची मॅट्रिक्स ६७ लाख ओळींची होती, दर ओळीत सरासरी ६२ एक, एकूण ४१.७ कोटी नोंदी. प्रत्येकीला ४ बाइट धरले तर १.६७ जीबी. ब्लॉक लॅन्झोस ही मॅट्रिक्स सोडवायची पद्धत दर फेरीत ६४ ला थोडे कमी इतके परिमाण संपवते, म्हणून फेऱ्या सुमारे १.०६ लाख, आणि दर फेरीत मॅट्रिक्स दोनदा वाचायची. तुमच्या ७७ जीबीच्या वेगाने नुसतं वाचायलाच सव्वा ते दीड तास. त्यात ६४ बिटांचा व्हेक्टर ५.४ कोटी बाइटांचा, म्हणजे यूरॅममध्ये मावत नाही, आणि त्यातलं वाचन अस्ताव्यस्त. मॅट्रिक्सचे स्तंभपट्टे पाडून पट्ट्याच्या आतला पत्ता २ बाइटांत लिहिला तर आकार अर्धा होतो. पण हीच युक्ती सॉफ्टवेअरही करतं. म्हणजे कार्डाची आघाडी उरत नाही.

त्यापेक्षा चाळणी गरजेपेक्षा थोडी जास्त चालू द्या. रिलेशन जास्त असतील तर फिल्टरिंगला निवडायला वाव मिळतो आणि मॅट्रिक्स लहान होते. ईसीएम कार्डावर असेल तर हे जादा रिलेशन स्वस्तात पडतात.

मेमरी ईसीसीची (बिटांच्या चुका सुधारणारी) हवी. चाळणीत एखादा बिट उलटला तर एक रिलेशन जातं, आणि तेही नंतरच्या तपासणीत पकडलं जातं. मॅट्रिक्समध्ये एक बिट उलटला तर त्यानंतरच्या सगळ्या फेऱ्या वाया. दर काही हजार फेऱ्यांनी पडताळणी करून स्थिती डिस्कवर लिहा, आणि पडताळणी जमली तरच आधीची प्रत पुसा.

घड्याळठोका

ईसीएम युनिट तपासण्याबद्दल एक भर. नुसतं "अवयव सापडला का" एवढंच बघू नका. चुकीचा गुणाकार करणारं युनिटही अधूनमधून अवयव शोधतं, आणि वाटतं सगळं ठीक आहे. तोच एन, तोच सिग्मा, तेच बी१ घेऊन सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या टप्प्याअखेरचा एक्स/झेड काढा आणि कार्डाच्या एक्स/झेडशी मॉड्युलो एन जुळवा. एक्स आणि झेड वेगवेगळे जुळणार नाहीत, कारण दोन्हींना एकच गुणक लागलेला असू शकतो, शिवाय कार्डावरचे आकडे २×एन पर्यंत जातात. चाचणीत २^१०० ला अगदी खेटून असलेले एन जरूर घाला, आणि ज्यांच्या मधल्या तुकड्यांतले सगळे बिट १ आहेत असेही. हातच्याची चूक तिथेच उघडी पडते.